बोर्दोची बाटली आणि कुडाळचा जबाब

पोलिसांतल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण गुन्ह्याच्या गांभीर्याने अख्खी खोली गप्प झालेली एकदाच पाहिली. ती घटना आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. ती निवृत्तीनंतर घडली, अबू धाबीत, एका रविवारी दुपारी, सुरमई वाढायच्या आधी.

मी मुलीकडे राहायला गेलो होतो. जावयाच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आम्हाला जेवायला बोलावले. मुसफ्फ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप. एका क्लायंटने त्यांना फ्रान्समधल्या बोर्दोच्या जुन्या रेड वाइनच्या दोन बाटल्या भेट दिल्या होत्या. पहिलीचे बूच त्यांनी आमच्यासमोर काढले. तळाशी गाळ दिसला, म्हणून काचेच्या जगमध्ये ओतून आणायला ती स्वयंपाक्याकडे दिली आणि तोवर सोबत आलेल्या कागदावरून माहिती वाचली. वाइन नदीच्या डाव्या तीरावरची. जमीन गोट्यांची, नापीक. वेलीला मुळे खोल न्यावी लागतात, म्हणून स्वभाव गंभीर, चव किंचित तुरट. लेबलवर द्राक्षाचे नाव नसते, गावाचे असते. हे मला पटले. आम्हीही जबाबात नावानंतर मूळ गाव लिहीत असू.

जग आला. पाहुण्यांतल्या एकाने वाइन चाखण्याचा दोन दिवसांचा कोर्स केला होता. त्याने घोट तोंडात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हे बोर्दो नाही. यात मसाला आहे, ऊन आहे. हे दक्षिणेचं, ऱ्होनच्या खोऱ्यातलं."

बूच सर्वांसमोर निघाले होते. म्हणजे अदलाबदल स्वयंपाकघरात. स्वयंपाकी कुडाळचा, सहा वर्षे त्याच घरात. यजमानांनी त्याला बोलावून दुसरी वाइन कुठून आणलीस ते विचारले, उत्तराची वाट पाहिली नाही आणि आम्हाला सांगितले, "उद्या याचा व्हिसा कॅन्सल. खलास." त्याची मुलगी गावी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तो नुसता हात पुसत उभा राहिला.

"बाबा, तुम्ही बघा ना," माझी मुलगी म्हणाली.

मी घटनास्थळाची पाहणी केली. बाटली एक, तळाशी गाळ, दुसऱ्या बाटलीचा मागमूस नाही. सुरमईला मसाला लावणाऱ्या माणसाने ऱ्होनची वाइन मिळवून ती बोर्दोशी का बदलावी, हेही कळेना. ठाण्यात जबाबाआधी आम्ही संशयिताला चहा देत असू. इथे संशयितानेच मला चहा करून दिला. पहिल्याच घोटाला थबकलो. आले, वेलची. हीच चव मी दहा मिनिटांपूर्वी बोर्दोत घेतली होती.

"वाइन कशातून ओतलीस?"

त्याने हातातली चहाची गाळणी दाखवली. "शेठ म्हणाले, गाळ येता कामा नये."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सगळे कुठून आणली ते विचारत होते, साहेब. कशातून गाळली ते कोणी विचारलंच नाही."

तज्ज्ञ मानेना, त्याची जीभ चुकणे शक्य नव्हते. मग मी प्रात्यक्षिक घेतले. दुसरी बाटली उघडली. अर्धी सरळ ओतली, अर्धी गाळणीतून. तज्ज्ञाला पाठ करून बसवले. त्याने दर वेळी सरळ ओतलेला पेला बोर्दो ठरवला, गाळणीतला ऱ्होन, आणि एकदाही चुकला नाही. त्याच्या जिभेबद्दल मला आदर वाटला. हद्द मात्र तो चुकला होता; ऱ्होनचे खोरे त्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी होते. यजमानांनी स्वयंपाक्याला सुरमई वाढायला सांगितले. त्यांच्याकडून माफी ती तेवढीच. व्हिसा राहिला.

मूळ गाव कळले की माणूस कळला, असे समजून मीही कित्येकांना तासन्‌तास बसवून ठेवले आहे. वाटेत तो कशाकशातून गेला, हे विचारायला हवे, इतके या प्रकरणाने शिकवले.

जेवताना वाइन संपली. गाळणीतली आधी.