उलटा फ्रिज आणि आईचा हिवाळा

घर गरम कसं ठेवायचं, याबाबतीत तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल? विकणाऱ्यावर, शिकलेल्यावर, की ज्याला थंडी वाजते त्याच्यावर? अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात माझं किराण्याचं दुकान आहे. जुनं घर घेऊन भिंतींपासून नवीन करायला काढलं, आणि काउंटरवर तांदळाच्या पोत्यांपेक्षा सल्ल्यांची थप्पी उंच झाली.

सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोला, घर तापवणारी गॅसची भट्टी काढून विजेवरचा हीट पंप हवा होता. धूर कमी, कार्बन कमी. नागपूरहून आलेल्या आईने एकच अट घातली: "मला थंडी वाजली तर मी परत जाईन. मग तुमचं पर्यावरण तुम्ही सांभाळा."

बाबा गेल्यापासून ती तिथे एकटीच असते. त्यामुळे माझ्यासाठी हा प्रश्न भट्टीचा नव्हताच.

* * *

पहिला आला तो भट्ट्या विकणारा. "मिशिगनमध्ये हीट पंप? विसरा. जानेवारीत रडाल."

मी धंद्यातला माणूस. चहा दिला, चकली दिली, आणि विचारलं, "तुमच्या घरी कुठली भट्टी आहे?"

त्याने चकली सावकाश संपवली. म्हणाला, "हीट पंप आहे. काय करणार, बायको ऐकत नाही."

* * *

दुसरे बापट. गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी दुकानातल्या कागदी पिशवीवर आकृती काढून आईला समजावलं, "काकू, हा उलटा फ्रिज. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरची आत ओढतो."

"बाहेर बर्फ आहे. त्यात कसली उष्णता?"

बापटांनी दुसरी पिशवी घेतली. मग तिसरी. शेवटी मीच म्हटलं, "आई, नागपूरला तू फ्रिजमागे ओले मोजे वाळवायचीस. आत भाजी थंड व्हायची, तिचीच ऊब मागे यायची ना?"

आई म्हणाली, "एवढंच ना? मग याला तीन पिशव्या कशाला लागल्या?"

* * *

पंप बसवणारा माइक. त्याने भिंत उघडली, तर आत नुसती हवा. म्हणाला, "आधी फटी बुजवा, इन्सुलेशन भरा. मग लहान मशीन पुरेल."

घर बघायला आलेले बापट कुजबुजले, "यार, एक साइझ मोठंच घे. संक्रांतीला चाळीस माणसं येतात तुझ्याकडे."

मी ते माइकला सांगितलं. तो म्हणाला, "चाळीस माणसं आली तर त्यांचीच ऊब पुरेल, मशीन बंदच करा."

* * *

पंप सुरू झाला. पहिल्याच रविवारी आम्ही देवळात गेलो, आणि निघताना आईने थर्मोस्टॅट बंद केला. नागपूरला बाहेर पडताना गीझर बंद करायचा, तसा. परत आलो तर घराचा बर्फखाना. सुजाता म्हणाली, "आई, हा सावकाश तापतो. चालूच ठेवायचा."

"घरात कोणी नसताना कोणासाठी चालवायचा?"

 आईने कॅलेंडरवर रेघ मारली आणि जाहीर केलं, "थंडी वाजली की एक रेघ. दहा झाल्या की तिकीट."

स्वतः बंद केलेल्याची रेघसुद्धा धरली.

* * *

जानेवारीत एका दुपारी पंप गरम हवा देईना. माइकला बोलावलं. तो घराला वळसा घालून मागे गेला आणि हातात गोधडी घेऊन आला. ती पंपाच्या घराबाहेर बसवलेल्या युनिटवर होती, चारही बाजूंनी नीट खोचलेली.

"अरे, बर्फात कुडकुडत होतं ते," आई म्हणाली.

मी भाषांतर केलं. माइक वीस वर्षं या धंद्यात आहे. गोधडीची घडी घालत म्हणाला, "आजवर कोणी त्याची एवढी काळजी घेतली नव्हती."

त्या दिवशीही एक रेघ पडलीच. सातवी.

* * *

फेब्रुवारीत एक सकाळ अशी उगवली की गाडीची दारं गोठून बसली. पंप जोर लावत होता, पण घर ठरवलेल्या तापमानाच्या तीन-चार डिग्री मागेच. कॅलेंडरवर नऊ रेघा होत्या. मी भीतभीतच खाली आलो.

आई टेबलाशी मटार सोलत बसली होती. अंगात दोन स्वेटर, पायात मोजे, डोक्याला कानटोपी.

"आई, थंडी वाजतेय?"

"छे."

"मग कानटोपी?"

"केस उडतात."

घराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. मी चहा करून तिच्यापुढे ठेवला, कॅलेंडरकडे न बघता दुकानाला निघालो. दारात बूट घालत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला.

"अन् हे बघ, कॅलेंडरवर नऊच राहू देत. पण दुकानात कोणी या पंपाबद्दल विचारलं, तर नऊ सांगू नकोस. दहा सांग. गिऱ्हाइकाशी हिशेब खरा ठेवावा."