डॉक्टरांच्या गाडीची टकटक

भुतंखेतं, चकवा, अंगात येणं... असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. चाळीत ध्यानाला बसलेल्या एका बुवांच्या पाठीमागे मी म्हशीचा आवाज काढला होता, यावरून काय ते ओळखा. तेव्हा हा अनुभव लिहायला इतकी वर्षं लागली ती भीतीमुळे नाही. लाजेमुळे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी तेवीस वर्षांचा. ठाकूरद्वारच्या अलीकडे एका वाडीच्या तोंडाशी तातू मिस्त्रींचं गॅरेज होतं, तिथे कामाला. राहायला त्याच वाडीत. आमच्या वाडीतल्या डॉक्टरांची एक काळी विलायती गाडी होती. तिचा पेट्रोलपंप विजेवर चालणारा. किल्ली फिरवली की बॉनेटखाली टक-टक-टक सुरू. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला पोचवायचं, एवढंच त्याचं काम. टकटक बंद, की थोड्या वेळाने गाडी बंद.

ती हल्ली वाटेत बंद पडू लागली होती. डॉक्टर म्हणाले, पंपच बदल. नवा मिळेना, म्हणून मी जुनाच उघडला. आतले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी टोकं, जळून काळेठिक्कर झालेले. ते काचकागदाने घासले, जाळी धुतली, पंप जागेवर बसवला, नळ्या आवळल्या. राहिली फक्त वायर. पंप काढताना वायरीचं टोक टेपने गुंडाळून बाजूला वळवायचं, पेट्रोलजवळ ठिणगी नको म्हणून — ही तातूंची शिस्त. काम झालं की टेप सोडून वायर जोडायची.

तेवढ्यात रस्त्यावरून घोषणा आल्या. "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" मोर्चा चौपाटीच्या सभेला निघाला होता. माझा शेजारी गोंद्या दारात येऊन उभा.

"चल ना रे, मागाहून पुढारी दिसायचे नाय, नुसत्या टोप्या दिसतील."

मी बॉनेट आपटलं. गाडी सुरू करून दाखवली. कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर ती झालीही.

तातू ओरडले, "खंय पळतंस मेल्या? पंपाचो आवाज ऐकलंस?"

"ऐकला, मिस्त्री! घड्याळ आहे घड्याळ!"

त्या गलक्यात मला माझा आवाज ऐकू येत नव्हता, पंपाचा कुठला येतोय?

सभेत गोंद्या पोट धरून बसला होता. मी म्हटलं, "भेळ बाधली तुला," आणि ओवा चघळायला दिला. माझी वैद्यकी ती एवढीच.

दुसऱ्या दिवशी हरताळ. बस नाही, टॅक्सी नाही. सकाळी दहाच्या सुमारास गोंद्याच्या आईने — आम्ही सगळे त्यांना काकी म्हणायचो — माझं दार बडवलं. गोंद्या घामाने भिजून वाकडा झालेला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "अपेंडिक्स. फुटलं तर वाचणार नाही. परळला माझे सर्जन मित्र आहेत, तिथे नेऊ." मग माझ्याकडे वळून, "गाडी तुझ्या हातची आहे. दगा नाही ना देणार?"

"छे हो डॉक्टर," मी छाती काढून म्हणालो.

डॉक्टर गाडी चालवायला, मागे गोंद्याचं डोकं काकींच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. डॉक्टरांनी किल्ली फिरवली. टक-टक-टक...

"वा! खरंच घड्याळ केलंस की," ते म्हणाले. मी फुगलो.

रस्त्यात दगड, जळके टायर. दोनदा वळसा घ्यावा लागला. भायखळ्याच्या पुढे गोंद्याचे डोळे मिटायला लागले. काकी रडत म्हणाल्या, "बोल रे बाळा, काहीतरी बोल." तो पुटपुटला, "एकशे चाळीस... एकशे एकेचाळीस..." तो पंपाची टकटक मोजत होता.

परळला गोंद्याला आत नेलं. काकी आणि डॉक्टर त्याच्यामागे गेले. मी रुबाबात बॉनेट उघडलं, जाणाऱ्या-येणाऱ्यांना आपली कारागिरी दिसावी म्हणून.

वायर बाजूला वळलेली. टोकावर माझीच टेप. दातांनी तोडलेली, तशीच्या तशी.

मी किल्ली फिरवली. आवाज नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. मग टेप सोडली, वायर जोडली, आणि टक-टक-टक... कोणी पाहत नाही ना, हे बघून मी बॉनेट लावलं. गोंद्या कसा आहे ते विचारण्याआधी हे बघितलं, याची जास्त लाज वाटते.

गोंद्या इस्पितळात असतानाच मी तातूंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. डॉक्टरांच्या परवानगीने आम्ही तीच गाडी, वायर सोडून, वाडीतून काढली. ऑपेरा हाऊस यायच्या आतच बंद पडली. दोन वेळा केलं, दोन्ही वेळा तेच. ढकलत परत आणली. "परळ?" तातू म्हणाले, "परळ शक्यच नाय."

गोंद्या घरी आल्यावर काकींनी सत्यनारायण घातला. मला पुढे बसवलं. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं — वायर जोडलीच नव्हती, मी खोटं बोललो होतो, हा माझ्यामुळे मेला असता.

गोंद्या पोटावरचे टाके धरून हसायला लागला. "गप रे! दोनशे बाराच्या पुढं मोजलंय मी! आज पूजेला तरी थापा मारू नको." सगळी खोली हसली. म्हशीचा आवाज काढणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

ती टकटक कसली होती, पेट्रोल कोण ओढत होतं, मला आजही सांगता येत नाही. तातूंनाही शेवटपर्यंत आलं नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की हसणं थांबल्यावर काकी उठल्या, माझ्या आईच्या वयाच्या, आणि पदर सावरून माझ्या पाया पडायला वाकल्या. मी पाय मागे घ्यायला हवे होते. सगळे बघत होते... मी घेतले नाहीत.