रोह्यापर्यंतचा इतिहास

भारतात रेल्वे इंग्रजांनी आणली असं शाळेत शिकवतात. पण माझ्या मावशीच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, तासभर ऐकलं की ती यांनीच पेणहून सोडली अशी खात्री पटते.

पेणला गणपतींचे डोळे आखण्यात काकांची हयात गेली. ब्रश हातात आणि रेल्वे तोंडात. एकदा बोरघाटातल्या बोगद्यांचा धूर सांगता सांगता त्यांनी एका मूर्तीचा उंदीर काळाकुट्ट रंगवला. गिऱ्हाईक भांडायला येईल म्हणून मावशी धास्तावली, तर ते पुढच्या वर्षी तसाच उंदीर मागायला आलं. गाडीत बसलं की इतिहास स्टेशनांवर बेतलेला. पेणला बोरीबंदर-ठाणे ही पहिली गाडी, कासूला घाट, नागोठण्याला फाळणीत वाटली गेलेली इंजिनं. मध्येच कोणी वड्यांचा डबा उघडला, तर म्हणायचे, "आधी घाट चढू दे." रोहा आलं की काका उतरायचे. कोकणची लाइन तिथून पुढे सुरू होते आणि ती त्यांच्या इतिहासातच नव्हती.

कोलाडला त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत त्या लाइनीखाली गेलं होतं. गावात गाडी येणार म्हणून वडिलांनी हौसेने दिलं. रुसले ते काका. सख्ख्या भावाकडे जायचं तरी रोह्याला उतरून एसटी. आम्ही थट्टा करायचो, त्याचं आता वाईट वाटतं.

यंदा त्या भावाच्या मुलीला त्याच लाइनवर रूळ तपासायची नोकरी लागली. तिचा फोन आला, "काका, माझी ड्युटी आपल्या शेतावरूनच हाय. बघायला या, पण गाडीनं. एसटीनं येणार असाल तर नको."

काका दोन दिवस गप्प. मावशीने कपाळाला हात लावून ताप पाहिला. तिसऱ्या दिवशी ते मला घेऊन निघाले. रोह्याला सवयीने उठले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन बसले. मी म्हटलं, "आता पुढचा इतिहास सांगा."

"नाय रे, ह्यातलं मला काय ठाऊक नाय. बघू दे."

कोलाडला पुतणी केशरी जाकिटात, खांद्यावर हातोडा घेऊन उभी होती. फलाटाच्या टोकाशी नेऊन तिने शेताची जागा दाखवली. काका बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "नीट सांभाळ गो. तुझ्या आज्यानं दिलेलं हाय."

"व्हय, काका," म्हणून ती कामाला लागली. रुळांकडे बघत चालणारी ती पोर वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.