शाळेच्या मैदानातली मेंढरं

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जवळा बाजार या गावात कॉम्प्युटर आणणाऱ्या पहिल्या दोघा-चौघांत मी होतो. पुढे आसपासच्या गोरेगाव, डोंगरकडा या गावांतल्या कॉम्प्युटर क्लासांत पैसा लावला, ते चालले आणि माझ्या डोक्यात हवा गेली. मी साप्ताहिक काढलं. मालक मीच, संपादक मीच, पहिल्या पानावर राजकारण्यांचे वाभाडे काढणाराही मीच. लोक 'रोखठोक माणूस' म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढवत आणि मी खुशाल चढत असे.

शेजारच्या गावची सरपंच तेव्हा मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई होती. एका उन्हाळ्यात तिचा कळप आठवडाभर शाळेच्या मैदानात बसला. मी मथळा दिला : 'शाळा की सरपंचबाईंचा मेंढवाडा?' खरं तर पावसाळ्यात तिथे झाडं लावायची होती. जमिनीला लेंड्यांचं खत मिळावं म्हणून तिने मेंढरं फुकट बसवली होती. एरवी त्यासाठी शेतकरी धान्य देतात. मी शेतकऱ्याचाच मुलगा, मला हे ठाऊक नव्हतं म्हणायची सोय नाही. मथळा झकास जमला होता, एवढंच.

ती अंक घेऊन ऑफिसात आली. "काहून लिहिलं भाऊ असं? तुमाला म्हाईत न्हाई व्हय?" पुढच्या अंकात खुलासा छापतो, म्हणालो. छापला नाही. रोखठोक माणसाने माघार कशी घ्यायची! महिन्याभरात सदस्यांनी माझाच अंक नाचवत अविश्वास ठराव आणला आणि तिला खाली उतरवलं.

पुढच्या उन्हाळ्यात घरी गेलो, तर तिची मेंढरं आमच्या वावरात बसलेली. वडिलांनीच बोलावली होती. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मुलगा पेपर काढतो याचा अभिमान फार. सकाळी बांधावर तिला चहा देताना ते म्हणाले, "कुण्या पेपरवाल्यानं खोटं छापून तुमचं पद घालवलं म्हणं. त्याचं नाव सांगा, माय. आमचं पोरगं त्याला सोडणार न्हाई, बराबर लिहील."

मी तिथेच बसलो होतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नाव ध्यानात न्हाई, मामा," ती म्हणाली.

तेव्हाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मथळ्यापेक्षा, न छापलेल्या खुलाशापेक्षा, मला त्या गप्प बसण्याची लाज वाटते. वडील गेले, ते मला खरं बोलणारा समजूनच.