मांजरपाटावरची गाणी

धुण्याचा मला अजून राग येतो. दोरीवर पांढरं कापड वाळताना दिसलं की डोकं फिरतं. घरातल्यांना वाटतं, म्हातारीला वेड लागलं. लागू दे.

माझा दादा सोलापुरात सिनेमाचे कापडी बॅनर रंगवायच्या कारखान्यात होता. त्याआधी गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात. तिथला कापूस छातीत बसला, खोकला लागला, म्हणून गिरणी सुटली. खोकला काही सुटला नाही. बॅनरच्या कारखान्यात पद्धत अशी, की पिच्चर उतरलं की कापड हौदात टाकायचं, खसाखसा घासायचं आणि त्याच्यावरच पुढच्या पिच्चरचे चेहरे काढायचे. रंग सरसात कालवलेले, पाण्यात पडले की सुटायचे. दादा हसून सांगायचा, "आज हिरो धुतला अन् त्याच्याच छातीवर व्हिलन बसवला."

बहात्तरच्या दुष्काळात तो कुंभारीला आत्याकडं गेला, आणि परत आला तो वेगळाच होऊन. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांत आमची आत्याही बसलेली त्यानं पाहिली होती. कारखान्यातलं टाकाऊ मांजरपाटाचं कापड आणून त्यानं ते आमच्या एका खोलीच्या घराच्या भिंतीला ठोकलं आणि चित्रं काढायला लागला. खडी फोडणाऱ्या बायका, सगळ्यांना हात, तोंड मात्र एकीलाही नाही. कोरड्या विहिरीच्या तळाशी उलटा पडलेला हंडा. छावणीतला बैल, दावं तोडून कुठं जावं हे न कळून तिथंच उभा. तेलरंगाच्या वासानं दादाला उबळ यायची, म्हणून इथंही सगळे सरसातलेच रंग.

त्याचा एक दोस्त होता, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. तेलगू घरचा, दिवसा माग चालवायचा आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गिटारची वायर रेडिओत खुपसून असा काही आवाज काढायचा की शेजारची तान्ही पोरं दचकून उठायची. पुण्याहून आलेली एक विलायती तबकडी त्यानं कुठंतरी ऐकली होती. तिच्यातली सगळी गाणी म्हणे एकाच गोष्टीची. झालं! दोघांच्या डोक्यात तेच शिरलं. एकेका चित्राचं एकेक गाणं करायचं आणि गणपतीत गल्लीच्या मांडवात, चित्र मागं टांगून, ते वाजवायचं. शब्द दादाचे, चाल अण्णाची, आणि गायला मी. गायला म्हणजे ओरडायला. शेजारच्या काकू विचारायच्या, "गाणं म्हणतीस का भांडतीस गं?" मी म्हणायचे, "भांडतीयाच. तुमी बी या की."

दादाला दुसरं काही नको होतं. आपण फार दिवस नाही, हे त्याला कळलं होतं. जायच्या आत एवढा एक मांडव गाठायचा होता.

आई मात्र त्या भिंतीकडं पाठ करून भाकरी थापायची. "अंगात रक्ताचा टिपूस न्हाय अन् कापडाला लाल रंग पाजतंय," असं चुलीला सांगायची. दादा विनवायचा, "आई, एकदा बघ तरी." ती मान वळवायची नाही. मला तिचा भयंकर संताप यायचा. तिला वाटायचं ती चित्रंच आपल्या लेकाला खातायत, आणि खाणाऱ्याकडं कौतुकानं बघायचं कसं?

शेवटचं चित्र तिचंच होतं, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. चुलीपुढं बसलेली, हिरव्या लुगड्यातली, पाठमोरी. त्याला ती तशीच दिसायची ना! अण्णानं चाल बांधली होती, पण दादा शब्द देईना. म्हणायचा, "तिनं तोंड वळवलं की चित्र बी पुरं करतो अन् गाणं बी."

श्रावणात दादा गेला. गणपती तोंडावर आले होते.

आमच्यात दहाव्याला घरातलं सगळं कापड धुतात. वाकळा, अंथरुणं, टाकलेलं फडकंसुद्धा. सुतक कापडात राहू नये म्हणून. गडीमाणसं पिंडाला गेली होती आणि मला जेवणाचं बघायला शेजारी धाडलं होतं. कुंभारीहून आलेल्या आत्यानं कोपऱ्यातली मांजरपाटाची गुंडाळी ओढली आणि न उलगडता भिजत घातली. आई उंबऱ्याशी बसून होती. गुंडाळीत काय आहे हे तिला माहीत होतं. दादा अंथरुणाला खिळल्यावर तिनंच ती चित्रं भिंतीवरून काढून, न बघता, गुंडाळून ठेवली होती.

मी आले तेव्हा मोरीतून लालहिरवं पाणी वाहत होतं आणि दोरीवर पांढरं कापड निथळत होतं. मी आत्याच्या अंगावर धावून गेले. ती रडायलाच लागली. "आगं, म्या काय केलं? मेलेल्या माणसाचं कापड तसंच ठिवत्यात व्हय? कुणी आडवलं बी न्हाय की मला." तिचं तरी काय चुकलं? तोंड नसलेल्या त्या बायकांत तीही होती, आणि स्वतःच्याच हातानं तिनं स्वतःला धुऊन टाकलं.

मांडवाचं बारगळलं. चित्रंच नाहीत तर टांगणार काय? गणपती उठल्यावर एका दुपारी अण्णा गिटार घेऊन घरी आला. काकू दारातूनच म्हणाल्या, "मयताच्या घरात गिटार? शोभतं का हे?"

आई म्हणाली, "वाजवू दे."

अण्णानं रेडिओत वायर खुपसली. मी विहिरीचं गाणं ओरडले, खडीचं ओरडले, बैलाचं ओरडले, घसा फाटेस्तोवर. आई आमच्याकडं तोंड करून बसली होती. मध्येच तिनं विचारलं, "हंडा कसला काढलता?"

"पितळेचा."

"चेपलेला?"

"व्हय."

असं विचारून विचारून ती एकेक चित्र बघत होती.

मग म्हणाली, "मला न्हाय का काढलं त्यानं?"

मी अण्णाकडं पाहिलं. त्यानं शेवटची चाल धरली. संथ, खालच्या पट्टीतली. मी तोंड मिटून उभी राहिले.

"ह्याला बोल न्हाईत?"

"न्हाईत, आई."

"मी काय करतीया ह्यात?"

"चुलीपुढं बसलीयास. गप."

तिनं भिंतीकडं पाहिलं. दादानं ठोकलेले खिळे तसेच होते.

"व्हय," ती म्हणाली. "मी गपच बसले की."