पित्ताच्या थेंबावरचा उजेड

कपडे शिवायच्या कारखान्यात सगळे तिला भिंगरी म्हणत. कापडाचे थर कापता कापता ती चार जणींची कामं उरकायची. बसलेली तिला कुणी पाहिलीच नव्हती. त्यामुळे तळहातांना खाज सुटली, तेव्हा तिनं खापर कापडाच्या रंगावर फोडलं. डोळे पिवळे झाले, तेव्हा मात्र नवऱ्यानं तिला जवळजवळ ओढतच इस्पितळात नेलं.

पित्तनलिका एका जागी आवळली होती. डॉक्टरबाईंनी तिथे बारीक नळी बसवून पित्ताला वाट करून दिली आणि कावीळ उतरू लागली. पण नलिका आवळली कशानं? सुजेनं की कॅन्सरनं? दोनदा पेशी खरवडून काढल्या, दोनदा अहवाल आला: निश्चित सांगता येत नाही.

"होय म्हणा, नाहीतर नाही म्हणा," भिंगरी वैतागली. "हे असं लटकत ठेवणं नको."

घरी ती घासलेली भांडी पुन्हा घासायची. नवरा कुलपं दुरुस्त करणारा, मुळातच कमी बोलणारा. तो तिच्या मागे मागे नुसते नळ बंद करत फिरे.

मग डॉक्टरबाईंनी एका नव्या तपासणीबद्दल विचारलं. नाव जिभेला न पेलणारं: स्पेक्ट्रोस्कोपी. पित्ताच्या थेंबावर लेसरचा उजेड टाकायचा, परत येणाऱ्या उजेडातला बदल टिपायचा आणि तो आजारी नि निरोगी लोकांच्या नोंदींशी ताडून बघायचा.

"पण या तपासणीवर अभ्यास अजून चालू आहे. एवढ्यावर मी ऑपरेशन करणार नाही."

"मग करायची कशाला?"

"आता तुकडाच काढून बघायचा की थांबायचं, ते ठरवायला."

उजेडाचा कौल कॅन्सरकडे झुकला.

"अहो, नुसता उजेड तो. त्याचं काय एवढं," ती नवऱ्याला म्हणाली आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

"कुलपाच्या आतलं दिसेना की मीही बॅटरीच मारतो. चल."

या वेळी बारीक दुर्बीण थेट नलिकेत घालून, डोळ्यांना दिसेल तिथलाच तुकडा काढला. त्यात कॅन्सर सापडला. पसरला मात्र नव्हता. ऑपरेशनमध्ये नलिका आणि यकृताचा एक भाग काढावा लागला. जखम ठणकत असतानाही ती उठायला बघे आणि नर्सची बोलणी खाई.

आता ती अर्धा दिवस कामावर जाते. फेरतपासणी जवळ आली की घरातली कपाटं उपसते. मागच्या खेपेला नवऱ्यानं दुकान बंद ठेवलं आणि तो तिच्याबरोबर कपाटं लावत बसला. अहवाल चांगला आला. डॉक्टरबाई हसल्या, तोवर तिनं पुढची तारीख विचारलीही होती.