जपानचं ते स्टेशन मी पाहिलेलं नाही

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही — आणि त्याला तर माझं सगळं ऐकावंच लागतं. तुम्हाला सांगायला बसल्यापासून तीनदा उठले. एकदा पाणी प्यायला, एकदा एसी कमी करायला, एकदा उगाच.

माझे बाबा निवृत्त स्टेशनमास्तर. उमेदीची वर्षं विदर्भातल्या एका नॅरोगेज स्टेशनवर गेली. पुढे ती लाईन बंद झाली आणि स्टेशनही पाडलं — दोन खोल्या आणि पत्रे, एका दुपारचं काम. त्यानंतर कधीतरी बाबांना इंटरनेटवर जपानमधलं एक लाकडी स्टेशन सापडलं. तसंच, दोन खोल्यांचं. डोंगरातलं लाकूड वाहून न्यायला बांधलेलं. एके काळी तिथे स्टेशनमास्तर धरून सात माणसं होती. बाबांना सापडलं तेव्हा एकही उरलं नव्हतं, दिवसाला तीन गाड्या थांबायच्या आणि गावातल्या बायका येऊन फलाट झाडायच्या. फोनवर भाषांतर करून करून बाबांनी त्याचा इतिहास मराठीत लिहायला घेतला. हिवाळ्यात आमच्याकडे आखातात, अल बर्शाला आले की डायनिंग टेबल त्यांच्या ताब्यात. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो.

खरं सांगू? मला त्याचा वीट आला होता. कुठल्या तरी परक्या देशातल्या स्टेशनचं किती ऐकायचं माणसानं?

मग ऑफिसनं मला टोकियोला पाठवलं. बाबांनी हातात एक कोरं पोस्टकार्ड ठेवलं. जपानमध्ये बऱ्याच स्टेशनांचा आपापला रबरी शिक्का असतो, तिथलं चित्र कोरलेला. आलेला प्रवासी तो वहीत उमटवून नेतो. "एवढा मारून आण. आणि नीट बघून ये गं, मला विचारायचंय." दोन गाड्या बदलून जायचं, अख्खा दिवस जाणार. एक दिवस मोकळा होता माझ्याकडे. त्या दिवशी मी — मी दहापर्यंत झोपले, आणि मग बूट घ्यायला गेले.

आजारी नव्हते. गाडी चुकली नव्हती. दुपारी बाबांचा फोन आला, "पोचलीस का?" माझा एक पाय नव्या बुटात. म्हणाले, "हो."

परत आल्यावर शारजाला गेले, रोल्ल्याच्या बाजारात. तिथे कंपन्यांचे शिक्के बनवून देणारी दुकानं आहेत. ट्रॅफिकमध्ये दीड तास काढला — म्हणजे मला वेळ नव्हता असंही म्हणता येत नाही. नेटवरून काढलेलं चित्र दाखवलं. दुकानदारानं विचारलं, "मॅडम, कौनसी कंपनी?" "बेटी का स्कूल प्रोजेक्ट है." पोरीलाही ओढलं त्यात.

बाबांनी पोस्टकार्ड दोन्ही हातांनी घेतलं. मग प्रश्न सुरू झाले, आणि मी उत्तरं देत गेले. बाकावर एक म्हातारी बसली होती. एका खिडकीची काच तडकलेली. का सांगत होते हे सगळं? कोणी मागितली होती काच? बाबा लिहून घेत होते. ज्या माणसानं जन्मभर, पुढच्या स्टेशनातून 'लाईन क्लिअर' आलं की त्या न दिसणाऱ्या माणसाच्या शब्दावर गाडी सोडली, तो माणूस. इतिहासात त्यांनी लिहिलं — 'प्रत्यक्ष पाहणी: माझी मुलगी.'

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी आजही गप्प बसले असते.

पुढच्या हिवाळ्यात इथल्या मराठी मंडळात बाबांचं त्या स्टेशनवर भाषण ठेवलं. पडद्यावर ते पोस्टकार्ड. केतन नावाचा एक इंजिनीयर मुलगा, जपानमध्ये चार वर्षं काढून आलेला, उठून अगदी अदबीनं म्हणाला, "काका, सॉरी हं, पण हा जुना स्टँप आहे. छपरावरचं धुराडं काढलं ना, तेव्हाच स्टँप चेंज केला त्यांनी. मी जाऊन आलोय."

बाबा हसले. "अहो, माझ्या मुलीनं गेल्या वर्षी स्वतः मारून आणलाय."

केतननं माझ्याकडे पाहिलं. शंभरेक माणसांनी पाहिलं. नुसती मान खाली घातली असती तरी पुरलं असतं. मी माईक मागून घेतला. मागून! म्हणाले, "तिथे दोन्ही ठेवलेत. तुम्ही नीट बघितलं नसेल." लोक हसले. शेवटच्या रांगेतलं कोणी ओरडलं, "खलास! केतन, बस खाली."

कार्यक्रम संपल्यावर तो बाबांच्या पाया पडला. "माझंच चुकलं असेल, काका." बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, मोठ्या मनानं. मी शेजारीच उभी होते, वड्यांची प्लेट धरून. त्यानंतर तो मंडळात कधी दिसला नाही.

यंदा ते स्टेशन पाडलं. बाबांनीच पुण्याहून फोन करून सांगितलं. मग म्हणाले, "आपल्यातल्या एकानं तरी ते उभं असताना बघितलं. मला तेवढं खूप आहे." आणि विचारलं, "फलाटावर उभं राहिलं की समोर काय दिसायचं गं? ते लिहायचं राहिलंय."

मी म्हणाले, नदी. पलीकडे देवदारांची रांग. त्यामागे डोंगर. सावकाश बोलत होते — त्यांना उतरवून घेता यावं म्हणून.